एक चमचा लोणी

६ फेब्रुवारी

ठमे,

दुकानातूनच लिहितेय. समोर एक गृहस्थ केव्हापासून चष्म्याच्या फ्रेमा नाकावर चढवून आरशात स्वतःकडे बघतायत आणि प्रत्येक वेळी 'हिच्यात मी म्हातारा दिसतो' म्हणतायत. त्यांचं चालू दे, मी तुझ्याकडे वळते. घरून फोनवर बोलायची सोय नाही हे तुला माहीत आहे. आईचे गुडघे गेले, पण कान अजून कोवळ्या पोरीचे आहेत. तूही उत्तर पाठवशील ते दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

मुद्दा एकच. तू केक पाठवणं बंद कर.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला दवाखान्याच्या दारातच सांगितलं होतं. आईच्या हृदयाला आता लोणी झेपणार नाही. दिवसाला एक छोटा चमचा, तोही जड हाताने भरलेला नको. तू तेव्हा मान डोलवलीस, डोळे पुसलेस, गावी गेलीस आणि पंधरा दिवसांत अख्खं बटरचं पाकीट रिचवलेला केक धाडलास! वर चिठ्ठी, 'आईला भरव.' अगं, तुला कळतं की नाही?

इकडे माझं काय होतं ते ऐक. सकाळी उठून बटाटे उकडते, त्यावर मिरपूड, कोथिंबीर, लिंबू, जे काय डोक्यात येईल ते घालते. आई एक घास घेते, चमचा खाली ठेवते आणि खिडकीकडे बघत म्हणते, 'ठमीच्या हाताला चव आहे.' बटाटे माझे, चव तुझी! पाव भाजून दिला की बोटाने चाचपून बघते, ओला आहे का. नसला की उसासा. तो उसासा शेजारच्या घरी ऐकू जातो.

मी काही तिला उपाशी मारत नाहीये. तरी जेवायच्या टेबलाशी रोज आरोपी म्हणून उभी असते. पुरे आता. पुढचं पार्सल आलं तर परत पाठवीन, सांगून ठेवते.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई गं,

किती चिडतेस! पत्र वाचताना मला तुझ्या नाकपुड्या फुगलेल्या दिसत होत्या.

एक तर तो अख्ख्या पाकिटाचा केक नव्हता, पाऊण पाकीट होतं. आणि आई काय अख्खा केक एकटी खाते का? एक फोड खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. परवा फोनवर किती खूश होती! म्हणाली, 'डबा उघडला की घरभर लोण्याचा घमघमाट सुटतो, ठमे. मला लहानपणीचं आठवतं.' या वयात तिला असं म्हणायला लावणारं दुसरं काय आहे तिच्याजवळ? औषधं?

रागावू नकोस, पण ती असंही म्हणाली की ताईकडचं जेवण दवाखान्यासारखं असतं. मी तुझीच बाजू घेतली हो. म्हटलं, ताई नोकरी करून करते, तिला कुठे एवढा वेळ. तर म्हणाली, वेळेचा प्रश्न नाही, हात आखडता आहे.

तू जरा मनावर घे ना. सूपमध्ये शेवटी एवढंसं बटर टाकलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि कधी केक करायचा झाला तर बटर सकाळीच बाहेर काढून ठेवायचं. बोट लावलं की खड्डा पडला पाहिजे, पण वितळता कामा नये. मग साखर घालून पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटायचं. सगळी जादू त्या फेटण्यात आहे. तुला जमेल असं नाही म्हणत, तुझ्याकडे ओव्हनही नाही म्हणा.

एक केक कालच रवाना केलाय. यात संत्र्याची साल किसून घातली आहे. आईला सांग, ठमीने आठवण काढली.

तुझी ठमी

१९ फेब्रुवारी

ठमाबाई,

हात आखडता? माझा?

आता ऐकच. तुला सांगणार नव्हते, पण हद्द झाली. तुझ्या गेल्या चार केकांतला एक कणसुद्धा आईच्या पोटात गेलेला नाही. पार्सल दुकानात येतं, कारण दिवसा घरी आई एकटीच, तिला उठून दार उघडवत नाही. ते इथेच उघडतं आणि इथेच संपतं. काचा घासणारे काका, हिशेब बघणारी बाई, समोरचा औषधवाला, सगळे तुझ्या केकवर गुटगुटीत झालेत. काका तर विचारतात, 'तुमच्या बहिणीचं बरं आहे ना? बऱ्याच दिवसांत काही आलं नाही.'

आणि आईला जातो तो केक मी करते! हो, मी. आमच्या मालकीणबाई दुकानाच्या वरच राहतात, त्यांच्याकडे ओव्हन आहे. जेवणाच्या सुट्टीत जिना चढते, तशीच उपाशी मिश्रण कालवते. तेल आणि घट्ट दही. बटरचा पत्ता नाही. दोन केक दगड झाले, एक मधोमध बसला, एक मालकीणबाईंच्या कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडला. पाचवा कुठे जमला. तुझ्याच डब्यात भरते, तुझी चिठ्ठी वर ठेवते आणि घरी जाऊन म्हणते, 'आई, ठमीने पाठवलाय.'

तो तुझा लोण्याचा घमघमाट माझा आहे, कळलं? तिच्या वाट्याचा दिवसाचा एक चमचा मी त्या केकवर खर्ची घालते आणि मग दिवसभर तिला कशातच लोणी देत नाही. म्हणून बटाटे कोरडे, म्हणून पाव सुका, म्हणून मी हात आखडती!

मी समोर उभी असते. ती डोळे मिटून खाते आणि म्हणते, 'ही पोरगी सोनं आहे.' कोण? तर तू! मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटतं. पण सांगितलं तर ती फोड खाली ठेवेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू केलास म्हणून तो गोड लागतो.

आणि आता नवीन टूम निघाली आहे. 'मला ठमीकडे नेऊन सोड. शेवटचे दिवस चार घास चवीने खाईन.' काल दोनदा म्हणाली. यांच्यासमोर म्हणाली. हे बिचारे पेपरात तोंड घालून बसले.

माझ्या अंगाची लाही लाही होते आहे. गिऱ्हाईक आलंय, थांबते.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग संतापले, मग रडले. आमचे हे म्हणाले, एकच काहीतरी कर.

मी उठून पहाटे केक करायचे. ऑफिसला उशीर करून पार्सल टाकायला जायचे. आणि तो तुमच्या काकांनी खाल्ला! निदान मला एकदा सांगायचं होतंस. मी इथे लोकांना सांगत फिरतेय, माझ्या केकमुळे आईला तरतरी आली.

ठीक आहे. तिला यायचंय ना? घेऊन ये. मी काही फक्त पार्सल पाठवणारी मुलगी नाही. माझ्याकडे राहिली की तुलाही कळेल आणि तिलाही. डॉक्टरांचं मी बघते, तू नको मला शिकवूस. आणि तुझी लबाडी मी तिला सांगणार नाही, घाबरू नकोस.

येत्या रविवारी आण. मधली खोली रिकामी केली आहे.

ठमी

२१ मार्च

ताई,

तीन आठवडे झाले. तू एकदाही पत्र टाकलं नाहीस. फोन केलास तो आईला, आणि 'औषधं घेतलीस का' विचारून ठेवून दिलास. माझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं आहेस का?

सगळं सांगते, पण 'मी म्हटलं नव्हतं का' असं लिहिणार असशील तर उत्तरच पाठवू नकोस.

पहिले चार दिवस मी तिला राणीसारखं ठेवलं. पावाला बटर, बटाट्याला बटर, सूपमध्ये वर तरंगणारं बटर. म्हटलं, चार दिवस काय होतंय. पाचव्या दिवशी दुपारी न्हाणीघरापर्यंत चालून आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. श्वास पुरेना. पाय बघते तर सुजलेले, बोट दाबलं की खळगा राहायचा. इथल्या डॉक्टरांनी मला जे झापलं ना, शाळेतही कुणी झापलं नव्हतं. नुसतं लोणी नाही, त्या पाकिटातल्या बटरमध्ये मीठ किती असतं ते कधी वाचलंय का, म्हणाले. मी वाचलं नव्हतं. आता बरी आहे, सूज उतरली. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. धीर झाला नाही.

तेव्हापासून मीही तेच करतेय जे तू करायचीस. उकडलेलं, कोरडं, मोजून एक चमचा. आणि काय सांगू, ताई! चमचा खाली ठेवते, खिडकीकडे बघते आणि म्हणते, 'ताईचे बटाटे निदान मऊ असायचे.' ताईचे! मी तोंडात बोट घालायची बाकी होते.

पण खरी कहाणी पुढे. तिच्यासाठी केक केला. माझा, नेहमीचा, मस्त फेटलेला, फक्त बिनमिठाचं बटर आणून. म्हटलं, एक पातळ फोड देऊ. तिने वास घेतला, तुकडा मोडला, चघळला आणि ताटली सरकवली. 'हा तो नाही. हा जड आहे, छातीवर बसतो. तू पाठवायचीस तो कर.' मग तुझ्यासारखा करायला गेले. तेल घातलं, दही घातलं. केक चांगला फुगला, पण वास कुठून आणू? गार झाल्यावर वरून बटर फासलं, तर नुसतं चिकट झालं. आई म्हणाली, 'आजारी पडलीस का गं? हात बिघडला तुझा.'

माझी सहनशक्ती संपली. सांगून टाकलं. म्हटलं, 'तो केक मी नाही, ताई करायची! तुझ्यासाठी, उपाशी राहून, लोकांच्या ओव्हनमध्ये! माझे सगळे दुकानातल्यांनी खाल्ले!' दिलेला शब्द मोडला, माफ कर. पण मला वाटलं, निदान तुझं तरी नाव होईल.

तिने ताटलीतला चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाली, 'तरीच. थोडा कोरडा लागायचा.'

मी कपाळाला हात लावला. शपथ सांगते, तुझी आठवण आली.

आता हे असं कसं निभावायचं? मला ऑफिसात झोप येते. तू वर्षभर केलंस, मला महिना निघत नाहीये. तिला घेऊन जा असं म्हणत नाही. पण निदान तो केक कसा करतेस ते तरी लिही.

ठमी

२७ मार्च

ठमे,

'मी म्हटलं नव्हतं का' असं लिहीत नाही. हात शिवशिवतायत, तरी लिहीत नाही. पायाला सूज आलेली मला कळवली नाहीस याचा हिशेब भेटल्यावर करू.

कोरडा! दही कसं घट्ट बांधायचे, किती दिवस त्या जिन्यावर धापा टाकल्या, आणि कोरडा! इतके दिवस 'पोरगी सोनं आहे' म्हणून चाटूनपुसून खाल्ला आणि माझं नाव लागताच कोरडा झाला. तुझं पत्र वाचताना समोर एक बाई डोळे तपासून घेत होत्या. त्यांनीच मला विचारलं, 'तुमच्या डोळ्यांत काही गेलंय का?'

कृती लिहून घे. दही रात्रभर फडक्यात टांगायचं. दह्यात साखर विरघळवायची, मग तेल, मग मैदा आणि सोडा चाळून. फार घोटायचं नाही, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. तू सवयीने फेटत बसली असशील. आता लोणी. लोणी फासायचं नसतं, बाई. बिनमिठाचा एक चमचा छोट्या कढल्यात घालायचा आणि मंद आचेवर धरायचा. आधी तडतडतं, मग फेस येतो, मग फेसाखाली बदामी रंग दिसतो आणि भाजल्या बदामाचा वास सुटतो. त्या क्षणी उतरवायचं, नाहीतर काळं होतं. एक चमचा भाजलं की दहा चमच्यांचा वास देतं. ते गरम केकवर, गरम असतानाच, ब्रशने वरच्या पापुद्र्यावर फिरवायचं आणि केक कोमट असतानाच डबा बंद करायचा. वास डब्यात कोंडून राहतो. उघडला की आधी नाक खूश होतं, मग जीभ तक्रार करत नाही. एवढीच माझी लबाडी.

आता माझं ऐक. मी तिला आणायला येणार नाही. ती तुझ्याकडे स्वतःच्या तोंडाने मागून गेली, हे तिला सोडायला निघाले तेव्हा मला साधं 'येते' म्हणाली नाही, तुझ्यासाठी घेतलेली पिशवी मांडीवर धरून रिक्षात बसली होती. वर्षभर मला एक शब्द हवा होता. 'चांगलं झालंय.' दोन शब्द झाले, असो. केकबद्दल नको, बटाट्याबद्दल म्हणाली असती तरी मी निभावून नेलं असतं. ती स्वतःहून बोलावील तेव्हा बघू.

घरात शांतता आहे. काल पावाला जाड थर लावून बटर खाल्लं, कुणाला न लपवता. हे म्हणाले, एवढं? मी म्हटलं, हो, एवढं. अर्धा पाव तसाच राहिला.

ताई

४ एप्रिल

ताई,

ठमी ऑफिसला गेली आहे, म्हणून मीच लिहायला बसले. हात कापतो, अक्षराला हसू नकोस. पत्ता तिच्या टेबलावरच्या तुझ्या पाकिटावरून घेतला. पत्रं दुकानाच्या पत्त्यावर का, ते मला कळलं नाही असं समजू नकोस.

ठमीने परवा केक केला, तुझ्या पद्धतीचा. लोणी जाळून कोळसा केलं. घरभर धूर. मग रडत बसली. मी तिला म्हटलं, छान झालाय. काय करणार? या पोरीला लहानपणापासून कुणी नावं ठेवलेली सोसत नाहीत. ती पूर्वी केक करायची तो काय मला फार आवडायचा असं नाही, पण दूर राहते, मनाला लावून घेते, म्हणून फोनवर चार शब्द जास्त बोलायचे.

तो केक तू करायचीस हे तिने मला सांगितलं. मी कोरडा म्हणाले. तेही तिने तुला कळवलं असणारच, तिच्या पोटात काही राहत नाही. तिच्या तोंडावर तुझं कौतुक केलं असतं तर तिने दोन दिवस अन्न सोडलं असतं. तुझ्या तोंडावर तिचं करायचे, तेव्हा तू कधी रडली नाहीस. तू घट्ट आहेस, तुझं मला कधी भय वाटलं नाही.

कोरडा नव्हता. मऊ होता, हलका होता आणि खाल्ल्यावर धाप लागायची नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा ठमीचा हात नाही.

इथे बटाटे कच्चे राहतात. माझी औषधं मीच काढून घेते. तुला वेळ असेल तेव्हा न्यायला ये. नसेल तर तसं कळव.

आई

९ एप्रिल

आई,

पत्र दुकानात मिळालं. उभ्याने वाचलं, मग मालकीणबाईंकडे वर जाऊन बसून वाचलं.

मी रडत होते, आई. तू 'ठमीच्या हाताला चव आहे' म्हणायचीस ना, मग मी स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे. भांडी घासतेय असं तुला वाटावं म्हणून. तुझे कान इतके तिखट, तो नळ एवढा वेळ कशाला चालू आहे हे तुला कधी ऐकू आलं नाही? मी घट्ट आहे हे कुणी ठरवलं? मला विचारून ठरवलं का? ठमी रडते म्हणून तिला गोड बोलायचं आणि मी रडत नाही म्हणून मला काहीच बोलायचं नाही, हा कुठला न्याय? मला राग आलाय, अजून आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दुकानातून सुट्टी मागून घेतली. ठमीला सांग, औषधांच्या चिठ्ठ्या एका जागी ठेवायला, आणि तू तुझे लोकरीचे मोजे विसरू नकोस. तिला रागावू नकोस, तिने तुला तिच्या परीने सांभाळलं आहे.

घरी आलीस की जेवण तेच असणार. उकडलेलं, मोजून एक चमचा. मी ते बदलणार नाही, तू कितीही उसासे टाकलेस तरी. पण चांगलं झालं असेल त्या दिवशी मला सांगायचं. मला, माझ्या तोंडावर, मी डाव हातात घेऊन समोर उभी असताना. आणि वाईट झालं असेल तरी मलाच सांगायचं, ठमीला फोनवर नाही.

ताई